पहिल्या खेपेची शीट कुठे आहे?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोकणातून तू स्वतः आणलेल्या पानांच्या अर्काने एचआयव्हीची लागण झालेल्या पेशी तगल्या. मग माल संपला, पुरवठादाराकडून त्याच नावाची भुकटी मागवलीस आणि सगळ्या पेशी मेल्या. महिनाभर तू स्वतःच्या हाताला दोष देते आहेस. सॉल्व्हंट बदललंस, पेशींची नवी बॅच घेतलीस, रात्री जागलीस. पण पहिली पानं ज्या वेलीची, तिची हर्बेरियम शीट (फांदी-पानं दाबून वाळवून, जागा-तारखेसह कागदावर लावलेला नमुना) केली होतीस का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही.

शीट कुठे आहे?

मिशेलामाइन बी या एचआयव्हीला अडवणाऱ्या रसायनाची रचना तू झोपेतही काढशील. त्याच्या वेलीचं काय झालं, ते वाचलंस का? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी 1987 मध्ये कॅमेरूनच्या कोरुप जंगलातून पानं गोळा झाली. वेलीला नाव लागलं अँसिस्ट्रोक्लाडस अ‍ॅब्रेव्हिएटस. मायकेल बॉइड यांच्या गटाने 1991 मध्ये तिच्यातलं हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजनयुक्त रसायन, जाहीर केलं. एचआयव्ही-1 आणि एचआयव्ही-2, दोन्हींना अडवणारं. पुढे अ‍ॅब्रेव्हिएटसच्या आणखी खेपा तपासल्या, तर त्यांत मिशेलामाइन नाहीच. तुझ्यासारखंच! पण त्यांच्याकडे दाबून वाळवलेले नमुने होते, आणि जंगलात परत जाऊन तीच वेल शोधणारी माणसं होती. वेल निघाली वेगळ्याच, तोवर नाव नसलेल्या जातीची. 1993 मध्ये थॉमस आणि गेरो यांनी तिला अँसिस्ट्रोक्लाडस कोरुपेन्सिस म्हटलं. वेल पक्की झाल्यावर पुढची कामं सुचली. तिच्या गळून पडलेल्या पानांतही अल्कलॉइड बऱ्यापैकी सापडलं, म्हणजे जिवंत वेल न तोडता माल जमवता येत होता.

औषध झालं नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. विषाणू रोखायला जेवढी मात्रा लागायची, तिच्या आसपासच मज्जासंस्थेला इजा होऊ लागायची, म्हणून ते काम थांबलं. पण त्यांना 'नाही' तरी ठामपणे म्हणता आलं. तुला आज 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही'ही.

आणि तुझी वेल तर आपल्या सह्याद्रीतली अँसिस्ट्रोक्लाडस हेनिएनस. रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारींनी मुंबईच्या सीबा संशोधन केंद्रात तिच्यातून अँसिस्ट्रोक्लाडीन हे अल्कलॉइड वेगळं केलं, तेव्हा एड्स हा शब्दही जन्मला नव्हता. इतकं जुनं काम घरात असताना तू पाकिटावरच्या नावावर विसंबतेस?

मला राग येतो, कारण मीही तेच केलं होतं. 1994 मध्ये काष्ठौषधींच्या दुकानातून पोतंभर मूळ आणलं. पहिल्या पोत्यातल्या मुळांनी आम्हाला रात्रभर झोपू दिलं नाही, इतका सुंदर निकाल. दुसऱ्या पोत्यात काही म्हणता काही नाही. दोन वर्षं मी एचपीएलसीसमोर, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रासमोर, बसून आलेखातलं हरवलेलं शिखर शोधलं. ते मूळ नेमकं कशाचं होतं, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा लोक मरत होते गं, औषधं परवडत नव्हती, शिष्यवृत्तीचे आठ महिने उरले होते, मार्गदर्शक रोज निकाल मागत होते. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी आधी अर्कच काढला असता, असं मी आजही म्हणेन. पण शीट करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास माझ्याकडे होता.

तेव्हा पेपर लिहायची घाई थांबव. सर रागावले तर रागावू देत, माझं नाव सांग. पहिली पानं जिथे तोडलीस तिथेच जा. आकड्यासारखी वळलेली फांदी पानांसकट काप, फूल-फळ असेल तर तेही घे, नसेल तर फुलोऱ्याच्या वेळी पुन्हा जा. जागा, तारीख, शेजारची झाडं तिथेच उभं राहून लिही. एक शीट वनस्पतिशास्त्र विभागात दे, एक स्वतःकडे ठेव. मगच अर्क.

वर्तमानपत्रं भरपूर ने. दमट हवेत कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पानांना बुरशी धरते.

तुझी,
मॅडम