बाग थांबेल, आधी पाणी बघा आणि कुत्र्याचं नाक

ताई, आम्ही गेल्या वर्षी डि मॉईनमधलं अपार्टमेंट सोडून एम्सच्या उत्तरेला पाच एकरांत जुनं फार्महाउस घेतलं. बोअरचं पाणी, सेप्टिक टँक, तळघर, सगळंच आम्हाला नवीन. घरात एक लॅब्रेडॉर आणि एक मांजर आहे. मार्च लागला, बर्फ वितळायला लागला, आणि मिस्टरांनी टोमॅटोचं बियाणंही मागवलं. वसंतातली कामं कुठून सुरू करायची? — एक वाचक, मध्य आयोवा

टोमॅटो मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे मदर्स डेपर्यंत, घरातच खिडकीत राहू द्या. एप्रिलमध्ये दोन दिवस छान ऊन पडतं आणि तिसऱ्या रात्री पुन्हा हिव पडतं. मार्चमधलं पहिलं काम तळघरात आहे.

वर बर्फ वितळतो, पण खालची जमीन अजून गोठलेली असते. पाणी मुरत नाही, ते भिंतीकडे सरकतं. तळघराच्या कोपऱ्यात झाकणाखाली खड्डा असेल आणि त्यात सम्प पंप. त्यात बादलीभर पाणी ओता. फ्लोट वर आला की पंप आपोआप सुरू व्हायला हवा, आणि खड्डा उपसून आपोआप बंद. मग बूट घालून बाहेर जा आणि पाइपाच्या तोंडातून पाणी खरंच पडतंय ना ते बघा. तोंडाशी बर्फ साचला असेल तर पंप नुसता घरघरत राहतो. पन्हळीचे पाइप भिंतीपासून लांब वळवा. बॅटरीवर चालणारा जोडपंप नसेल तर या वर्षी बसवून घ्याच, कारण ज्या वादळात पाणी येतं त्याच वादळात वीज जाते. सेप्टिकचं सांडपाणी जिथे जमिनीत मुरतं त्या जागेवरून पाणथळ दिवसांत गाडी किंवा ट्रॅक्टर नेऊ नका.

दुसरं पाणी पिण्याचं. शहरात नळाची जबाबदारी नगरपालिकेची होती, इथे ती तुमची. दर वसंतात बोअरचं पाणी कोलिफॉर्म जंतू आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या. भोवती मका आणि सोयाबीन आहे, खतं आहेत, जनावरांचं शेण आहे. नायट्रेटची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळाच्या बाटलीत ते पाणी अजिबात चालत नाही. आपल्याकडे 'उकळून घ्या' म्हणायची सवय आहे. जंतूंसाठी ते बरोबर, पण नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करा. आयोवात खाजगी विहिरींच्या तपासणीसाठी राज्याची मदत मिळते.

आता तुमचा लॅब्रेडॉर. हिवाळाभर बर्फाखाली दडलेलं सगळं मार्चमध्ये उघडं पडतं आणि ते कुत्र्याला तुमच्याआधी सापडतं. म्हणून बागेत खुरपं घालण्याआधी आवारात पिशवी घेऊन एक फेरी मारा. मेलेले उंदीर, उंदरांच्या विषाचे तुकडे, गॅरेजच्या दाराशी सांडलेलं अँटिफ्रीझ, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमधलं द्रव. यातलं शेवटचं फार वाईट. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्रा ते आवडीने चाटतो, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मांजराला तर चमचाभरही पुरतं. कुत्रा झिंगल्यासारखा चालायला लागला तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी डॉक्टरकडे निघा. एप्रिलमध्ये शेजारच्या शेतात पांढऱ्या लांबट टाक्या ओढत ट्रॅक्टर फिरतील. त्यात खतासाठीचा अमोनिया असतो. तो डोळ्यांतली आणि फुप्फुसातली ओल शोधतो. त्या दिवसांत कुत्रा मोकळा सोडायचा नाही. पेरणीच्या वेळी बांधावर सांडलेलं गुलाबी-हिरवं बियाणंही औषध लावलेलं असतं, तेही त्याला हुंगू देऊ नका.

गोचिडी मे-जूनमध्ये येतात असं बरेच जण समजतात. पारा 40 फॅरनहाइटच्या वर गेला की हरणावरची मोठी गोचीड मार्चमध्येही गवताच्या टोकावर येऊन बसते. माझ्या कुत्रीला मी फिरून आल्यावर ओसरीतच थांबवते. आधी बोटांच्या फटी, मग काखा, कानांच्या आतल्या घड्या, पट्ट्याखालची मान आणि शेवटी शेपटीचं मूळ. डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधायचं. तिळाएवढी गाठ लागली की केस बाजूला करायचे. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. गावाकडे गोचिडीवर रॉकेल लावतात, इथे पेटती काडी लावणारे भेटतात. दोन्ही नको, गोचीड पोटातलं उलट रक्तात सोडू शकते. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू अंगात जायला साधारण 24 तासांहून जास्त लागतात, म्हणून रोजची तपासणी उपयोगी पडते. हृदयातल्या जंतांची गोळी बारा महिने चालू ठेवा. मध्ये बंद पडली असेल तर आधी रक्त तपासा, मग सुरू करा.

मांजरासाठी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. कुत्र्याचं गोचिडीचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराला मारतं. दुसरं, ईस्टरला कुणी पांढऱ्या लिलीची कुंडी भेट दिली तर ती दारातूनच परत करा. पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मांजराची मूत्रपिंडं जातात. देणाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल.

छाटणीचं थोडक्यात: सफरचंदाची कळ्या फुटण्याआधी उरका, पण ओकला एप्रिल ते जुलै करवत लावू नका. ताज्या जखमेवर बसणारे भुंगेरे ओक विल्ट या रोगाची बुरशी आणतात.

काल रात्री आमच्या कुत्र्यावर स्कंकने फवारा मारला. टोमॅटोच्या रसाने तीनदा धुतला, घरात अजून बसवत नाही. — एक वाचक, ग्रामीण इलिनॉय

टोमॅटो पास्त्याला ठेवा. आपल्या नाकाला त्या वासाची सवय होते म्हणून तो गेल्यासारखा वाटतो, एवढंच. खरा उपाय तुमच्याच राज्यातल्या पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाने 1993 साली छापून दिला. 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट (साधारण एक लिटर), खायचा सोडा पाव कप, भांडी घासायचं लिक्विड एक छोटा चमचा. उघड्या बादलीत कालवा आणि फसफसत असतानाच वापरा. कुत्र्याला आधी भिजवू नका. डोळे आणि तोंड वाचवून कातडीपर्यंत चोळा, पाच मिनिटं थांबा, मग भरपूर पाण्याने धुवा. वासातल्या गंधकाच्या रेणूंचं ऑक्सिडेशन होतं, म्हणून वास झाकला जात नाही, जातोच. काळे केस थोडे तांबूस होतील. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, बाटली फुटते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अंगावर चावा आहे का ते बघा. मिडवेस्टमध्ये रेबीज पसरवणाऱ्या मुख्य प्राण्यांत स्कंक आहे. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा माजाचा काळ, नर रात्रभर हिंडतात. चावा दिसला तर लस चालू असली तरी डॉक्टरांना आजच दाखवा.

अंगणातल्या गवतात खळग्यात सशाची डोळे मिटलेली पिल्लं सापडली. आई कुठेच दिसत नाही. घरात आणून दूध पाजू का? — एक वाचक, विस्कॉन्सिन

नको. गाईच्या दुधाने ती मरतील. आई त्यांना मुद्दाम टाकून लांब राहते, म्हणजे कोल्ह्याला माग लागत नाही. पहाटे आणि संध्याकाळी काही मिनिटं पाजून जाते. खळग्यावर तिने स्वतःच्या पोटाची लव आणि वाळलं गवत पसरलेलं असतं, ते होतं तसं झाका. तुमचा हात लागला म्हणून ती सोडून जात नाही. शंका असेल तर वर लोकरीचे दोन धागे फुलीसारखे ठेवा. सकाळी हललेले दिसले की ती येऊन गेली. दिवसा कुत्र्यापासून वाचवायला जाळीची कपड्यांची टोपली उपडी ठेवा, पण अंधार पडण्याआधी काढा. तीनेक आठवड्यांत पिल्लं आपापली निघून जातात. तोवर त्या कोपऱ्यात गवत कापू नका आणि कुत्र्याला पट्ट्यावरच बाहेर न्या.

मुलांना कोंबडीची पिल्लं हवी आहेत. पोस्टाने येतात हे खरं का? — एक वाचक, आयोवा

खरं. अमेरिकेत 1918 पासून एक दिवसाची पिल्लं टपालाने जातात, आणि वेबस्टर सिटीतली मरे मॅकमरे हॅचरी 1917 पासूनची आहे. पिल्लाच्या पोटात शोषलेला बलक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस निभावतं. आल्यावर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. पहिल्या आठवड्यात 95 फॅरनहाइट ऊब, मग दर आठवड्याला 5 अंश कमी. ऊब देणारा दिवा साखळीने आणि दुसऱ्या एका दोरीनेही बांधा, तो भुशात पडून गोठे जळतात. पिल्लं स्वयंपाकघरात नकोत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात नकोत, साल्मोनेलाचा धोका असतो. या दिवसांत रानबदकं आणि हंस उत्तरेला परततात, आणि त्यांच्याबरोबर बर्ड फ्लू येऊ शकतो. 2015 मध्ये बर्ड फ्लूने आयोवात कोट्यवधी कोंबड्या गेल्या. दाणापाणी झाकलेल्या जागी ठेवा, आणि तळ्याकाठी घातलेले बूट पिल्लांच्या खोलीत आणू नका.