सख्ख्या दिरावर संशय घेणे पाप आहे का?

“मॅडम, सख्ख्या दिराबद्दल मनात असे येणे हे पाप तर नाही ना?” एवढे विचारून ती आई पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र अनेक आयांनी मला जवळपास याच शब्दांत विचारलेला आहे.

पतीच्या निधनानंतर ती आठ वर्षांच्या मुलीसह दिराच्या घरी राहत होती आणि आठवड्यातून तीन रात्री रुग्णालयात कामाला जात होती. अलीकडे मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागली होती आणि आईची रात्रपाळी असली की शाळेचा गणवेश घालूनच झोपण्याचा हट्ट धरत होती.

एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. वडील गेल्यानंतरही मुले अंथरूण ओले करतात. ‘भाऊजी तसे वाटत नाहीत’ या वाक्याला मात्र माझ्या लेखी फारशी किंमत नाही, म्हणून मी दिराच्या स्वभावाऐवजी घरातल्या रीतीबद्दल विचारले. छप्पर त्याचे, शाळेची फी तोच भरणार, काकाला पापी द्यायला मुलीने नकार दिला तर आजी तिलाच रागावणार, आणि काका-पुतणीची ‘गंमत’ आईला सांगायची नाही. यातली एकेक गोष्ट कितीतरी चांगल्या घरांतही आढळते. पण गुपित, परावलंबन आणि मुलीच्या नकाराला शून्य किंमत हे सारे एकत्र आले, की तिने तोंड उघडावे तरी कोणापुढे? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीतही लैंगिक अत्याचार करणारे निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले होते.

मुलीला खोदून विचारू नका, पण रात्री तिला आजोळी ठेवा, असे मी सुचवले. गुन्हा घडल्याचे कळले, तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे आईवर आणि माझ्यावरही बंधनकारक असेल, हेही पहिल्याच भेटीत सांगितले. ते नंतर सांगणे मला फसवणुकीसारखे वाटते.

“आता काकांकडे झोपायचे नाही ना?” असे मुलीने आजोळी तीनदा विचारले आणि चौथ्या दिवशी उरलेले आपणहून सांगितले. आईने माझ्यासमोरच मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ क्रमांक फिरवला. जबाबासाठी महिला अधिकारी साध्या कपड्यांत आजोळी आल्या, तेव्हा आई खोलीतच बसेल ना, एवढेच मुलीने विचारले.