गोदामातली उचल आणि कामगारांची तयारी: दोन्ही कसं तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुर्भ्याच्या एमआयडीसीत गोदाम आहे, १८ किलोचे पुठ्ठ्याचे खोके पॅलेटवरून काढून रॅकवर लावायचे असतात. प्रशिक्षण झालं, कमरेचे पट्टे वाटले, तरी कंबरदुखीच्या रजा थांबत नाहीत. तेव्हा कामगारांना स्वतःच्या तब्येतीची किती पर्वा आहे, हे प्रश्नावलीने मोजता येईल का?

येईल, पण आधी टेप घेऊन पॅलेटजवळ जा. काम मुळातच अंगाबाहेरचं असेल तर प्रश्नावलीतून 'यांना इच्छाच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि सगळा दोष माणसाच्या माथी बसतो.

मोजायला नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संस्थेचं १९९१ साली सुधारलेलं उचलीचं सूत्र घ्या; दिलेल्या परिस्थितीत किती वजन उचलणं ठीक, ते त्यातून निघतं. सुरुवात २३ किलोपासून होते आणि सहा गुणक तो आकडा खाली आणतात. दोन्ही घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून हातांच्या पकडीपर्यंतचं आडवं अंतर मोजा आणि २५ ला त्याने भागा. पकडीची जमिनीपासूनची उंची ७५ सेंमीपेक्षा जितकी कमी-जास्त, त्याला ०.००३ ने गुणून १ मधून वजा करा. खोका वर-खाली किती सेंमी जातो त्याने ४.५ ला भागा आणि उत्तरात ०.८२ ची बेरीज करा. कमरेतून जितके अंश वळावं लागतं, त्याला ०.००३२ ने गुणून १ मधून वजा करा. मिनिटाला किती उचली आणि पकड कशी, यांचे गुणक नायॉशच्या तक्त्यात मिळतात. उचली १५ मिनिटं मोजून सरासरी काढा. मुकादमाला विचारून आकडा भरू नका.

तुमच्या वर्णनावरून एक उदाहरण करू. खालच्या थरातला खोका, पकड १५ सेंमीवर, आडवं अंतर ५०, ४५ अंश वळून १३५ सेंमीच्या फळीवर ठेवायचा, मिनिटाला दोन, दोन तासांहून जास्त वेळ. गुणक वरच्या सूत्राच्या क्रमाने ०.५०, ०.८२, ०.८६, ०.८६, ०.६५ आणि हातखाच नसलेल्या खोक्याच्या बेताच्या पकडीसाठी ०.९५. २३ ला या सगळ्यांनी गुणा: शिफारशीचं वजन येतं सुमारे ४.३ किलो. १८ ला ४.३ ने भागल्यावर उचल निर्देशांक ४ च्या वर. हा १ च्या आसपास असावा; ३ च्या पुढे गेला की कंबरेचा धोका बराच वाढलेला असतो.

आता तोच माणूस, तोच खोका. रिकाम्या पॅलेटांच्या थप्पीवर किंवा लिफ्ट टेबलवर (वर-खाली होणाऱ्या टेबलावर) माल ठेवून पकड ७५ सेंमीवर आणली, खोका ३० सेंमीवर ओढून घेतला, पाय वळवून समोर उभं राहायला जागा केली, तर उचलताना निर्देशांक १.६ वर येतो. पण नीट ठेवायचा असेल तर फळीच्या टोकालाही हिशेब करावा लागतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. १३५ सेंमीच्या फळीवर ४० सेंमी हात पुढे करून ठेवला तर २.६. म्हणजे जड खोके वरच्या फळीवर नकोत. १०० सेंमीच्या फळीवर तो २.१ होतो, आणि माणसं बदलून उचली मिनिटाला एक केल्या तर १.८. अजून १ झालेला नाही. खोका हलका करायला सांगा किंवा यंत्र आणा.

आडवं अंतर सर्वांत जास्त छळतं. ६३ सेंमीच्या पुढे गुणक शून्य. १००० बाय १२०० मिमीच्या पॅलेटच्या पलीकडचा खोका एका बाजूने ओढायला लावला तर माणूस नेमका तिथेच जातो. म्हणून पॅलेट भिंतीला चिकटवू नका, चारी बाजूंनी फिरता येईल इतकी वाट ठेवा.

सूत्राच्या मर्यादाही सांगतो. एका हाताची उचल, बसून किंवा गुडघ्यावर बसून केलेलं काम, ढकलणं-ओढणं, पाठीवर किंवा डोक्यावर ओझं घेऊन चालणं यांना ते लागू नाही. त्यामुळे वाशीच्या मार्केटमधल्या गोणीच्या हमालीला ते जसंच्या तसं लावू नका. शिवाय ते १९ ते २६ अंश तापमान आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता धरून बनलं आहे. नवी मुंबईत पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये हे कुठे मिळणार? आलेला आकडा किमान समजा; खरा धोका त्याहून जास्तच.

आता तयारीचं. 'तब्येतीची काळजी घेता का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. सगळे हो म्हणतात. एकेक वागणं वेगळं विचारा: ट्रॉली वापरणं, जड खोक्याला दुसऱ्याला हाक मारणं, मध्ये थांबून पाणी पिणं. प्रत्येकासाठी दोन प्रश्न, ० ते १०: हे तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? करायचं ठरवलं तर जमेल याची खात्री किती? मग खरा प्रश्न: '४ म्हणालात, २ का नाही?' याचं उत्तर देताना माणूस स्वतःची कारणं सांगतो. '८ का नाही' विचारलं की सबबी निघतात. ही रीत मिलर आणि रोलनिक यांच्या प्रेरणा-संवादातली आहे.

महत्त्व ८ आणि खात्री ३ आली, तर भाषण देऊ नका. अडचण जागेत आहे. ट्रॉलीचं चाक अडकतं, ती दुसऱ्या टोकाला असते, किंवा गाडीमागे पैसे ठरलेले असल्याने सावकाश उचलणं म्हणजे कमी कमाई. तिथे मजुरीचा हिशेब बदलावा लागतो. महत्त्व ३ आणि खात्री ८ असेल तरच बोलण्याला अर्थ.

'गुडघे वाकवून उचला' याचंही तसंच. रुंद खोका गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही, मग तो गुडघ्यांच्या पुढे जाऊन अंगापासून लांब राहतो, आणि मिनिटाला दोनदा बसून उठल्यावर मांड्या भरून येतात. माणूस पुन्हा कमरेतून वाकतो. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्याय आहे.

विचारणारा मुकादम किंवा ठेकेदाराचा माणूस नसावा, नाहीतर सगळे ९ सांगतील. बऱ्याच जणांशी हिंदीत, एकेकट्याने, शिफ्ट सुरू होण्याआधी बोला. सुटताना घरची घाई असते. नावं लिहू नका. सोबत नॉर्डिक प्रश्नावलीचे (स्नायू-सांध्यांच्या दुखण्याची ठरावीक प्रश्नावली) दोन प्रश्न घ्या: गेल्या १२ महिन्यांत आणि गेल्या ७ दिवसांत शरीराच्या कोणत्या भागात त्रास झाला. फक्त रजेच्या नोंदी पाहिल्या तर दुखत असूनही कामावर येणारे सुटतात.

पट्ट्यांबद्दल: इजा न झालेल्या कामगारांना ते वाचवतात असा पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशने १९९४ मध्येच म्हटलं होतं. पट्ट्याच्या भरवशावर माणूस जास्त वजन उचलायला धजतो, ही भीती वेगळीच. पुढच्या खरेदीतला तो पैसा लिफ्ट टेबलाकडे वळवा.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात सर्वांत वाईट तीन उचली मोजा, त्या दुरुस्त करा, आणि महिनाभराने महत्त्व आणि खात्रीचे तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा. खात्रीचा आकडा वर गेला नाही, तर दुरुस्ती कामगारांच्या सोयीची झाली नाही असं धरा आणि त्यांनाच सोबत घेऊन पुन्हा मोजा.