मुंबई शहर उत्तर : एक नाव, दोन मतदारसंघ

आपण विचारले आहे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली ज्या ‘मुंबई शहर उत्तर’ या लोकसभा मतदारसंघात पराभूत झाले, त्याच मतदारसंघातून पुढे व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले का, आणि तो मतदारसंघ आज कोठे आहे. थोडक्यात उत्तर असे की, नाव तेच होते, पण भूभाग वेगळा होता. १९५२ चा ‘मुंबई शहर उत्तर’ म्हणजे मुंबई बेटाचा उत्तरेकडचा, गिरणगाव आणि दादर-परळचा भाग. १९५७ चा ‘मुंबई शहर उत्तर’ म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडची उपनगरे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कित्येक लेखांत आंबेडकर, कम्युनिस्ट नेते डांगे आणि मेनन यांच्या निवडणुका एकाच मतदारसंघाच्या नावावर टाकल्या जातात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई परिसरात तीनच लोकसभा मतदारसंघ होते. ‘मुंबई शहर दक्षिण’ एकसदस्यीय होता व तेथून स. का. पाटील निवडून आले. ‘मुंबई उपनगर’ हाही एकसदस्यीय होता व तेथून जयश्री रायजी निवडून आल्या. ‘मुंबई शहर उत्तर’ मात्र द्विसदस्यीय होता. त्यातील एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती. देशभरातील ४०१ मतदारसंघांपैकी ८६ असे द्विसदस्यीय होते. आज ही पद्धत बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय १९५२ चा निकाल नीट वाचताच येत नाही.

द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. ही दोन्ही मते एकाच उमेदवाराला देण्यास कायद्याने मनाई होती. तसे केल्यास त्यांतले एक मत बाद ठरे. त्या काळी आजच्यासारखी सर्व उमेदवारांची नावे असलेली मतपत्रिका नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी असे आणि मतदार आपली कोरी मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकत असे. म्हणजे येथील मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका येत आणि त्या त्याने दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. मोजणीनंतर अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मते मिळाली असतील तो राखीव जागेवर निवडून येई आणि उरलेल्या सर्व उमेदवारांत जो पुढे असेल त्याला दुसरी जागा मिळे.

आता आकडे पाहू. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना १,४९,१३८ मते मिळाली. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१ मतांसह दुसरे होते. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या स्वतःच्या पक्षातर्फे उभे असलेले डॉ. आंबेडकर यांना १,२३,५७६ आणि कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे यांना ९६,७५५ मते पडली. राखीव जागा काजरोळकरांना मिळाली व सर्वसाधारण जागा गांधींना. अशोक मेहता यांना काजरोळकरांपेक्षा जास्त मते असूनही ते पडले, आणि आंबेडकर काजरोळकरांपेक्षा १४,५६१ मतांनी मागे राहिले. ‘आंबेडकर चौथ्या क्रमांकावर फेकले गेले’ असे जे वाक्य वारंवार वाचायला मिळते ते एकूण मतांच्या क्रमाने खरे असले, तरी त्यांची खरी लढत राखीव जागेसाठी होती आणि त्या लढतीत ते दुसरे होते. हा फरक किरकोळ नाही, कारण एका मतदाराकडे दोन मते असताना एकूण क्रमाला फारसा अर्थ उरत नाही.

या निवडणुकीत फेडरेशन आणि समाजवादी पक्ष यांची युती होती. समाजवादी मतदाराने दुसरे मत आंबेडकरांना द्यावे आणि फेडरेशनच्या मतदाराने मेहतांना द्यावे, अशी ती योजना होती. मेहतांना आंबेडकरांपेक्षा १६,१६५ मते अधिक मिळाली. याचा अर्थ, मेहतांच्या पेटीत मत टाकणाऱ्या किमान इतक्या मतदारांनी दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही. तो आकडा आंबेडकरांच्या पराभवाच्या १४,५६१ या फरकापेक्षा मोठा आहे. एवढ्यावरून समाजवाद्यांनी दगा दिला असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण त्यांतल्या किती मतदारांनी दुसरे मत दिलेच नाही, कितींनी ते काँग्रेसला दिले आणि कितींनी डांग्यांना, हे या आकड्यांतून कळू शकत नाही. काँग्रेसच्या जोडीतही गांधी आणि काजरोळकर यांच्या मतांत ११,००१ चा फरक होताच. राखीव जागेवरच्या उमेदवाराला जोडीदारापेक्षा कमी मते मिळणे दोन्ही बाजूंना घडले. युतीतली दरी मात्र काँग्रेसमधल्या दरीपेक्षा रुंद होती, आणि निकाल फिरायला ती पुरेशी होती, असे माझे मत आहे.

आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी मिळून या निकालाविरुद्ध याचिका दाखल केली. ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरवून मोजल्या गेल्या नाहीत, हा त्या याचिकेतील मुख्य मुद्द्यांपैकी एक होता. मतदारांनी दुसरे मत वाया घालवावे असा प्रचार झाल्याची तक्रार करून आंबेडकरांच्या बाजूने कम्युनिस्टांना, विशेषतः डांगे यांना, जबाबदार धरले. निकाल काही बदलला नाही. पण बाद मतांचा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोघांना हा निकाल मान्य करणे इतके जड का गेले असेल हे समजते. ज्या मुंबईत आंबेडकरांची सारी सार्वजनिक कारकीर्द उभी राहिली, ज्या परळच्या चाळीत ते राहिले आणि ज्या दादरला त्यांनी राजगृह बांधले, त्याच मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवले नाही, आणि कायदामंत्रिपदाचा राजीनामा देऊन जेमतेम काही महिने झाले असताना हे घडले, याची बोच मला आजही वाटते. पुढे ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या द्विसदस्यीय पोटनिवडणुकीत आंबेडकर व मेहता पुन्हा एकत्र लढले. तेथे मेहता निवडून आले आणि आंबेडकरांचा भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभव झाला.

१९५७ पर्यंत दोन गोष्टी बदलल्या. पहिली सीमांची. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ च्या फेब्रुवारीत दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. मतदारसंघांच्या नव्या रचनेत ‘मुंबई उपनगर’ हे नाव गेले आणि त्या भागाला ‘मुंबई शहर उत्तर’ म्हटले जाऊ लागले. बेटावरच्या जुन्या द्विसदस्यीय मतदारसंघाचा वारसा ‘मुंबई शहर मध्य’ या नव्या नावाकडे गेला. म्हणून आंबेडकरांच्या मतदारसंघाचे पुढे काय झाले हे शोधायचे असेल तर १९५७ च्या यादीत ‘मध्य’ पाहावे, आणि ‘उत्तर’चा मागचा धागा हवा असेल तर १९५२ च्या यादीत ‘उपनगर’ पाहावे.

दुसरा बदल राजकीय होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईभर झालेल्या गोळीबारानंतर, फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष एकत्र आले. ‘मुंबई शहर मध्य’मधून डांगे सर्वसाधारण जागेवर आणि फेडरेशनचे जी. के. माने राखीव जागेवर निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या डांग्यांवर आंबेडकरांच्या पराभवाचा ठपका ठेवला गेला होता, त्यांच्याच जोडीने फेडरेशनचा उमेदवार त्याच गिरणगावातून लोकसभेत गेला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. त्यानंतर तीनच महिन्यांत ही मते पडली. १९५२ मध्ये जी दुसऱ्या मताची देवाणघेवाण अपुरी पडली होती, ती या वेळी साधली.

उपनगरांच्या ‘मुंबई शहर उत्तर’मध्ये मात्र समितीला यश आले नाही. तेथे काँग्रेसचे कृष्ण मेनन आणि प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस यांची लढत झाली. मेनन यांनी १९५७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तासांचे भाषण केले होते आणि त्यांची लोकप्रियता शिखरावर होती. वांद्र्यापासून पुढे पसरलेल्या त्या मतदारसंघात गुजराती, दाक्षिणात्य, उत्तर भारतीय व ख्रिस्ती वस्ती मोठी होती, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा जोर येथे परळ-लालबागइतका नव्हता. अल्वारिस हे मूळचे गोव्याचे, गोवामुक्तीच्या लढ्यातले नेते. पुढे मुक्त गोव्याच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, १९६३ च्या डिसेंबरात, ते पणजीतून निवडून आले.

१९६२ ची मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी ही लढत तर त्या वर्षी साऱ्या देशात गाजली. काँग्रेसचे माजी अध्यक्ष असलेले कृपलानी अपक्ष उभे होते आणि काँग्रेसविरोधकांचा मोठा भाग त्यांच्यामागे होता. चीनच्या सीमेवरच्या हालचालींबाबत संरक्षणमंत्री मेनन गाफील आहेत हा त्यांचा मुख्य आरोप होता. ‘चीनी हमला होते हैं, मेनन साहब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो’ अशी घोषणा तेव्हा दिली जाई. दुसऱ्या बाजूला नेहरूंनी स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावली, त्यांच्या सांगण्यावरून दिलीपकुमार प्रचारात उतरले, आणि दोनच महिन्यांपूर्वी झालेली गोवामुक्ती मेनन यांच्या खात्यावर जमा होती. कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मते घेऊन मेनन जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, नोव्हेंबरात मेनन यांना मंत्रिमंडळ सोडावे लागले आणि संरक्षणखाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. कृपलानींचा इशारा योग्य होता, हे मतदारांच्या लक्षात यायला आठ महिने लागले.

इकडे जुन्या मतदारसंघाचे दोन तुकडे झाले होते. १९६१ च्या कायद्याने देशातील सर्व द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द झाले. याला आंध्रातल्या पार्वतीपुरमचे प्रकरण बरेचसे कारणीभूत ठरले. तेथे १९५७ साली व्ही. व्ही. गिरी पडले आणि दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या, व सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ‘मुंबई शहर मध्य’चे ‘मध्य दक्षिण’ आणि राखीव ‘मध्य उत्तर’ असे दोन मतदारसंघ झाले. १९६२ मध्ये ‘मध्य दक्षिण’मधून विठ्ठल गांधी आणि ‘मध्य उत्तर’मधून काजरोळकर निवडून आले, म्हणजे दहा वर्षांपूर्वीची तीच काँग्रेसची जोडी, आता दोन स्वतंत्र जागांवर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर समिती फुटली होती, त्यामुळे १९५७ चे गणित काँग्रेसला फिरवता आले.

‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव १९६७ च्या पुनर्रचनेत संपले. उपनगरांची ‘वायव्य मुंबई’ व ‘ईशान्य मुंबई’ अशी विभागणी झाली. मुंबई प्रदेश काँग्रेसवर स. का. पाटलांचा वचक होता आणि तिने मेनन यांना ते बाहेरचे आहेत म्हणून उमेदवारी नाकारली. ईशान्य मुंबईतून, पानशेतच्या पुरानंतर पुण्यात केलेल्या कामामुळे नावाजलेले माजी सनदी अधिकारी स. गो. बर्वे काँग्रेसतर्फे उभे राहिले. नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेनेही मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला. अपक्ष मेनन सुमारे १३ हजार मतांनी हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे यांचे निधन झाले, आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला. ज्या पाटलांच्या काँग्रेसने मेनन यांना दूर केले, ते पाटील स्वतः त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून हरले. मेनन पुढे १९६९ मध्ये मिदनापूरमधून आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून लोकसभेत परतले.

गिरणगावच्या बाजूला १९६७ मध्ये डांगे ‘मध्य दक्षिण’मधून पुन्हा निवडून आले आणि ‘मध्य मुंबई’तून रा. धों. भंडारे. आंबेडकरांच्या चळवळीत वाढलेले भंडारे तोवर काँग्रेसमध्ये गेले होते. १९७३ मध्ये ते राज्यपाल झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेसाठी जानेवारी १९७४ मध्ये जी पोटनिवडणूक झाली, तिच्याच तोंडावर वरळीची दंगल झाली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता, शिवसेनेचा पाठिंबा काँग्रेसच्या रामराव आदिकांना होता, आणि निवडून आल्या त्या डांगे यांच्या कन्या, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे.

आजच्या नकाशावर १९५२ चा ‘मुंबई शहर उत्तर’ कोणत्याही एका मतदारसंघात सापडत नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतर दादर, माहीम, वडाळा, शीव व धारावी हा भाग ‘दक्षिण मध्य मुंबई’त आहे, तर वरळी, शिवडी आणि भायखळा ‘दक्षिण मुंबई’त. मेनन यांच्या मतदारसंघाचे क्षेत्र मुख्यतः उत्तर, वायव्य, ईशान्य आणि उत्तर मध्य या चार मतदारसंघांत वाटले गेले आहे. आपण जुने निकाल तपासत असाल तर नावाबरोबर वर्षही पाहावे, आणि १९६२ च्या आधीचे असतील तर जागा एक होती की दोन, हे आधी पाहून मगच मतांची तुलना करावी.