जुना ट्रॅक्टर घेताना नेमकं काय बघायचं?

"२०१२ चा महिंद्रा ५७५, मीटर ४,२०० तास, एकाच मालकाचा, घेऊ का?" असं तुम्ही विचारलंय, आणि ट्रॅक्टर सांगलीच्या वाळवा तालुक्यातला, म्हणजे ऊसपट्ट्यातला आहे म्हणताय. मग मॉडेलचं नंतर बघू. आधी सांगा, तो किती हंगाम ऊस वाहतुकीला होता?

चार महिन्यांचा हंगाम आणि दिवसाला आठ तास धरले तरी वर्षाला साडेनऊशे तास नुसत्या वाहतुकीत जातात. पाच हंगामांत ४,२०० पार होतात, नांगरट-रोटर वेगळंच. म्हणजे एक तर तो वाहतुकीला नव्हता, नाहीतर मीटरची केबल मधे काही वर्षं तुटलेली होती. मालक म्हणणारच, "घरच्या शेतीलाच वापरलाय." वाद घालू नका, मागं जाऊन ट्रॉली जोडायचा हुक बघा. दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या की पिनेचं भोक गोल राहत नाही, लांबट होतं. रंग मारून ते झाकत नाही. वेल्डिंग करून भरलं असेल तर तेही दिसतं.

वाहतुकीच्या गाडीत इंजिन बरं असलं तरी क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्सनं मार खाल्लेला असतो. मोकळ्या सपाट जागेत ब्रेक दाबून मोठा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. घुरघुरत चालूच राहिलं तर क्लचप्लेट संपलीय. उतारावर रेस सोडून गिअर सुटतोय का तेही बघा.

मी पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा आम्ही पोचायच्या आधीच मालकानं तो चालू करून ठेवला होता. चहा झाला, अर्ध्या सेल्फला लागला, आम्ही खूश. घरी आणल्यावर रोज सकाळी ढकलायला चार माणसं! लायनर-पिस्टन बदलल्यावरच सुटका झाली. म्हणून न कळवता सकाळी जा आणि आधी इंजिनला हात लावून बघा, गार आहे का. गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग म्हणजे बहुतेक हेड गॅस्केट गेलंय. चालू केल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

रोटर उचलून इंजिन बंद करा, लगेच खाली बसला तर हायड्रॉलिक लिफ्टचं काम निघणार. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय; पाटण-जावळीकडं भाताच्या चिखलणीला चाललेल्या गाड्यांत हे हमखास बघा.

कागदाचं थोडक्यात: नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे तुमची २०२७ ला संपतेय, नूतनीकरण तुमच्या गळ्यात. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

हुक झिजलेला दिसला म्हणून लगेच माघारी फिरू नका. मिस्त्री आपला न्या, मालकाच्या ओळखीचा नको. क्लच-गिअरबॉक्सच्या खर्चाचा अंदाज मिस्त्रीकडून काढून घ्या आणि तेवढे पैसे कमी करून मागा. मालक ऐकत नसेल तर हंगाम संपेपर्यंत थांबा, आमच्याकडं तेव्हाच वाहतुकीच्या गाड्या विकायला निघतात.