वहीत फक्त चांगले आकडे

"मॅडम, तीन महिन्यांची शुगर ९.१ आली. आता माझं ऑपरेशन रद्द होणार का?"

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी माझ्याकडे येणारे मधुमेही बहुतेक हाच प्रश्न घेऊन येतात. (या बाईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांना तारीख मिळाली होती, ती पुढे ढकलली गेली, आणि आपण नापास झालो असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

त्यांनी वही पुढे केली. रोज उपाशीपोटी ११२, ११८, १०९. एवढी सुरेख वही पाहिली की मला शंकाच येते. मी ग्लुकोमीटर मागितला. मेमरीत २४०ही होते आणि एका पहाटेचे ५८ही.

"त्या पहाटे काय झालं होतं?"

"घाम फुटला, हात थरथरले. पण शुगर कमी आली म्हणजे चांगलंच ना?"

मग सगळं बाहेर आलं. तारीख लवकर मिळावी म्हणून आठ दिवस त्या रात्रीचं जेवत नव्हत्या. शुगर उतरवणारी गोळी मात्र चालूच होती. पोटात अन्न नाही आणि गोळी आपलं काम करतेय, मग शुगर घसरणारच. ७० च्या खालची शुगर हे यश नाही, तो धोका आहे. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

शिवाय त्या उपासाचा उपयोगही नव्हता. एचबीए१सी, म्हणजे तीच 'तीन महिन्यांची शुगर', मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आठ दिवसांच्या उपाशी रात्रींनी ती फारशी हलत नाही.

शस्त्रक्रिया पुढे ढकलतात ती शिक्षा म्हणून नाही. शुगर चढलेली असेल तर जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाची भीती वाढते. सहसा एचबीए१सीचा ७ च्या आसपासचा आकडा धरतात; मधुमेह खूप जुना असेल तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात.

खरी काळजी मला पुढची होती. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरींचा, बहुधा पातळ आहार देतात. त्याने यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. पण त्याच दिवसांत शुगर भराभर उतरते, म्हणून इन्सुलिन आणि काही गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून आधीच कमी करून घ्यावा लागतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं त्या गोळ्या तर शस्त्रक्रियेच्या किमान तीन-चार दिवस आधी बंद करतात, कारण शुगर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. वहीत खोटे १०९ असतील तर डॉक्टरांनी डोस ठरवायचा कशावरून?

हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "२४० लिहिलं की लाज वाटते हो."

या लाजेवर आम्ही तीन भेटी घालवल्या, आहारावर एकच. गोळ्यांची वेळ आणि डोस डॉक्टरांनी बदलून दिला. अकरा आठवड्यांनी एचबीए१सी ७.४ आली आणि नवी तारीख मिळाली.

शेवटच्या भेटीतली वही खाडाखोडीने भरलेली होती. एका ओळीत लिहिलं होतं: "२१२. झोप नाही. रात्री दोनदा खाल्लं. मॅडमना दाखवायचं."