टाइप-सी केबल ओळखायची कशी? टोक नव्हे, दोन आकडे बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की अमळनेरच्या घरात तीन टाइप-सी केबल आहेत, तिन्ही दिसायला सारख्या. एकीने लॅपटॉप झटपट चार्ज होतो, दुसरीने रेंगाळतो, तिसरीने फोनमधले फोटो लॅपटॉपवर येतच नाहीत. केबल बिघडल्यात असं लगेच समजू नका. टाइप-सी हा फक्त टोकाचा आकार. आत काय भरलंय ते टोक सांगत नाही, दोन आकडे सांगतात: वॅट म्हणजे वीज किती नेते आणि डेटाचा वेग.

तिसरीत बहुधा वीज नेणाऱ्या तारा तेवढ्या आहेत, डेटाच्या घातलेल्याच नाहीत. दुसरीचं कारण वेगळं. साध्या सी-टू-सी (दोन्ही टोकं टाइप-सी) केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे फार तर ६० वॅट मिळतात. ५ अँपिअर हवे तर टोकात एक बारीक चिप लागते. चार्जर आधी तिला विचारतो. उत्तर आलं नाही तर तो ३ अँपिअरच्या वर जात नाही, मग तो १०० वॅटचा का असेना.

डेटाचा हिशोब पुन्हा निराळा, आणि जास्त लोक इथेच फसतात. २४० वॅटची महाग केबलही डेटाला फक्त ४८० एमबीपीएसची (सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाची) असू शकते. त्याच आकाराची दुसरी ४० जीबीपीएस (सेकंदाला ४० गिगाबिट, म्हणजे ऐंशी पटीहून जास्त) देते.

यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या यूएसबी-आयएफ या संस्थेने २०२१ मध्ये प्रमाणित केबलसाठी वॅट आणि वेग दाखवणारे लोगो आणले. माझं ठाम मत आहे की हे आकडे केबलच्या टोकावरच छापायची सक्ती हवी. खोकं त्याच दिवशी रद्दीत जातं, केबल घरात वर्षानुवर्षं राहते.

जळगावच्या गोलाणी मार्केटला गेलात तर ‘फास्टवाली द्या’ म्हणू नका. ‘१०० वॅट, १० जीबीपीएस’ असं मागा आणि लिहिलेलं दाखवा म्हणा. मोबाइलच्या टॉर्चने टोकाच्या आत बघा: सोनेरी पट्ट्यांच्या ओळीत दोन्ही कडांच्या पहिल्या पट्टीलगतच्या दोन-दोन जागा रिकाम्या दिसल्या तर ती वेगवान डेटाची नाही. त्या जागा भरलेल्या असल्या तरी खात्री मात्र नाही.

घरातल्या केबल एकेक लावून तपासा आणि टोकाच्या प्लास्टिकवर नेलपॉलिशचा ठिपका द्या: लॅपटॉपची लाल, डेटाची हिरवी. चिकटपट्टी नको, आपल्याकडच्या मे महिन्यात तिचा डिंक सुटून हाताला लागतो. फोनसोबत आलेल्या केबलवरही खूण करा. काही कंपन्यांचं स्वतःचं जलद चार्जिंग त्यांच्याच केबलवर चालतं.